नाशिकरोडहून हैदराबादला : आपली मुले दक्षिणेकडे का निघाली?

पावसाळ्याचे दिवस होते. नाशिकरोड स्टेशनच्या फलाटावर रात्री उशिरा आम्ही दहा-बारा माणसे उभी होतो. आमच्या गल्लीतील एका रिक्षाचालकाची मुलगी देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबादला निघाली होती. हैदराबाद विद्यापीठात तिला एम. ए. ला प्रवेश मिळाला होता. सोबत एक पत्र्याची पेटी, एक बॅग आणि भाकरी-चटणीचा डबा. वडील पुन्हा पुन्हा तिकीट तपासत होते. आई पदर तोंडाशी धरून गप्प उभी होती. आजीला मात्र राहवले नाही. ती म्हणाली, "एवढ्या लांब कशाला गं बाई? नाशकात कालेजं नाहीत का?"

मुलगी हसली. म्हणाली, "आजी, कालेजं हायेत गं. पण पप्पाला कर्ज न काढता शिकवतील असं तिकडंच मिळालं."

गाडी आली, गडबड झाली, पोरगी डब्यात चढली. खिडकीतून तिने सगळ्यांना जयभीम केला. गाडी दिसेनाशी झाली तरी तिचा बाप फलाटावरून हलेना.

आजीचा प्रश्न साधा होता. पण तो घेऊनच आम्ही घरी आलो. नाशकात महाविद्यालये आहेत. पुण्याला मोठे विद्यापीठ आहे. मुक्त विद्यापीठ तर आपल्या गावातच आहे. मग गेल्या काही वर्षांत आमच्या वस्तीतून, आसपासच्या वस्त्यांतून एकामागून एक मुले-मुली हैदराबादला, पुद्दुचेरीला, कलबुर्गीला का जात आहेत? आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. बी. कॉम. झालेला एक कारकून. दर रविवारी विहारात मुलांचे अर्ज भरून देतो, दाखले तपासतो. त्या कामातून जे कळले, जे मुलांनी सांगितले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

हा रस्ता नवा नाही

शिक्षणासाठी दूर जाणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले. आणि हैदराबादचे म्हणाल, तर त्या शहराशी आपले जुने नाते आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादला स्थापन झाले. पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत औरंगाबादची महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठालाच जोडलेली होती. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आपले मिलिंद. म्हणजे मिलिंदच्या पहिल्या पिढीचे परीक्षांचे विद्यापीठ हैदराबादचे होते! त्याच उस्मानिया विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ रोजी बाबासाहेबांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवला, मनमाड, नांदगाव या बाजूची कितीतरी मुले पूर्वी मनमाडहून गाडी धरून मिलिंदला गेली. घरात खायची मारामार, तरी नागसेनवनात राहिली, शिकली. कोणी मास्तर झाले, कोणी वकील, कोणी साहेब. मिलिंदमध्ये बी. ए. झालेले अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेले आणि २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. तेव्हा पोरगी हैदराबादला गेली म्हणून अघटित काही घडले असे नाही. मनमाड-औरंगाबादच्या त्याच लोहमार्गावर ती आणखी थोडी पुढे गेली, एवढेच.

केंद्रीय विद्यापीठ म्हणजे काय?

आमच्याकडे येणाऱ्या पालकांना हा फरक पहिल्यांदा समजावून सांगावा लागतो. पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथली विद्यापीठे राज्याची. त्यांना हजारो महाविद्यालये-मुलांचा पसारा सांभाळावा लागतो. परीक्षा घेणे आणि निकाल लावणे यातच त्यांची शक्ती जाते. केंद्रीय विद्यापीठ संसदेच्या कायद्याने होते, त्याचा खर्च केंद्र सरकार करते, आणि बहुतेक ठिकाणी ते एकाच आवारात शिकवते, संशोधन करते, मुलांना राहायलाही जागा देते.

हैदराबाद विद्यापीठाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. त्या वेळच्या आंध्र प्रदेशात तेलंगण आणि आंध्र भागांत मोठी आंदोलने झाली. त्यांवर तोडगा म्हणून १९७३ साली सहा कलमी सूत्र ठरले, त्यात हैदराबादला केंद्रीय विद्यापीठ काढण्याचे एक कलम होते. त्यासाठी राज्यघटनेत ३७१-ई हे कलम घालण्यात आले आणि १९७४ साली विद्यापीठ सुरू झाले. पहिले वर्ग सरोजिनी नायडूंच्या घरात, 'गोल्डन थ्रेशोल्ड' या वास्तूत भरले. पुढे ते गच्चीबावलीच्या माळावर गेले. दगडांच्या राशी, तळी, झाडी असे हे विस्तीर्ण आवार आहे. याच आवाराला लागून असलेल्या ४०० एकरांवरील झाडे तोडायला २०२५ साली सुरुवात झाली, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि सर्वोच्च न्यायालयाला ती तोड थांबवावी लागली. तेलंगणातली ती बातमी आमच्या वस्तीतल्या दोन घरांत काळजीने वाचली जात होती, कारण त्या घरांतली मुले तिथे होती.

हैदराबादेतच इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ आहे. १९५८ साली संस्था म्हणून निघालेले ते पुढे २००७ साली केंद्रीय विद्यापीठ झाले. पुद्दुचेरी विद्यापीठ १९८५ चे. २००९ च्या कायद्याने कर्नाटकात कलबुर्गीजवळ, केरळात कासरगोडला, तमिळनाडूत तिरुवारूरला अशी आणखी विद्यापीठे निघाली.

आता महाराष्ट्राकडे पाहा. एवढे मोठे, एवढे श्रीमंत म्हणवणारे राज्य. पण आपल्या राज्यात सर्व विषय शिकवणारे मोठे केंद्रीय विद्यापीठ नाही. वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, ते १९९७ साली निघाले. पण नावाप्रमाणेच ते हिंदीच्या कामासाठी आहे. ज्या मुलाला अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भौतिकशास्त्र केंद्रीय विद्यापीठात शिकायचे त्याला राज्याबाहेरच जावे लागते. आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

फी, जागा आणि सोबत

उरलेले अर्धे उत्तर पैशात आहे. १९८३ पासून आपल्या राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. कारखान्यासारखी महाविद्यालये निघाली. अनुदानित महाविद्यालयांतसुद्धा पुढचे अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित झाले. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मजुरीवर, नेट-सेट झालेली आपलीच मुले शिकवतात आणि सुट्टी लागली की त्यांचा पगार बंद होतो. शिकवणाऱ्याच्याच पोटाला चिमटा असेल तर तो शिकणाऱ्याला काय देणार?

याउलट हैदराबादसारख्या विद्यापीठात एम. ए. ची फी काही हजारांच्या घरात भागते. रिक्षावाल्याने हिशेब केला तेव्हा त्याला कळले, की मुलीला पुण्यात खोली घेऊन ठेवण्यापेक्षा हैदराबादचे वसतिगृह आणि खानावळ स्वस्त पडते. दिल्लीलाही मोठी विद्यापीठे आहेत, आपली मुले तिथेही जातात. पण दिल्लीची थंडी, तिथली घरभाडी आणि लांबचा प्रवास गरिबाला झेपत नाही. हैदराबादला नाशिकरोडहून गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी मुक्काम. भाषेचीही फार अडचण नाही. बाजारात दखनी चालते आणि त्या दखनीतले 'नक्को' ऐकले की आपल्या माणसाला हसू येते. तो आपलाच 'नको' आहे!

तिसरे कारण सोबतीचे. हैदराबाद विद्यापीठात १९९३ साली आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. नवा विद्यार्थी आला की त्याला अर्ज भरायला, वसतिगृह मिळवायला, इंग्रजीतले निबंध लिहायला जुने विद्यार्थी मदत करतात. आमच्या वस्तीतला एक मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, नाशकात कॉलेजात मी आडनाव विचारलं की दबकून सांगायचो. तिकडं पहिल्याच दिवशी चार पोरांनी जयभीम म्हणून हातात हात दिला. त्यातला एक तेलुगू, एक मल्याळी, एक ओडिशाचा. माझी मान वर झाली." आम्हाला वाटते, फी आणि वसतिगृहाइतकेच हे कारण मोठे आहे. आपल्या माणसाला शिक्षणाबरोबर मानही हवा असतो.

अमेरिकेतही अलीकडे असेच काही चालले आहे. उत्तरेकडच्या राज्यांतली मुले तिथल्या दक्षिणेतील मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे ओढली जात आहेत. त्यात अलाबामा विद्यापीठ आहे. १९५६ साली, ज्या वर्षी आपण धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, ऑथरिन लूसी या काळ्या तरुणीला तिथे प्रवेश मिळाला. गोऱ्या जमावाने दंगल केली आणि विद्यापीठाने तिलाच काढून टाकले. १९६३ साली राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः दारात उभा राहिला आणि दोन काळ्या विद्यार्थ्यांची वाट अडवू लागला. शेवटी केंद्र सरकारच्या बळावर विवियन मलोन आणि जेम्स हूड आत गेले. एकेकाळी बंद असलेले दार कसे उघडते, ते यातून कळते. दार आपोआप उघडत नाही. कुणीतरी आधी पाऊल टाकावे लागते आणि मागे कायदा उभा असावा लागतो.

१९९० साली उघडलेले दार

आपल्यासाठी केंद्राचे दार कधी उघडले, हे आजच्या मुलांना माहीत नसते. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या नियमांप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलतींतून बाहेर पडलो. कारण १९५० च्या आदेशात आधी फक्त हिंदू, आणि १९५६ पासून शीख, एवढ्यांनाच अनुसूचित जातीचे मानले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या; पण केंद्राची नोकरी, केंद्राची शिक्षणसंस्था तिथे बौद्ध म्हणून उभे राहिले की हात रिकामे! कित्येक घरांनी त्या काळात मनाने बौद्ध आणि कागदावर हिंदू राहण्याची घुसमट सोसली.

१९९० साली वि. प्र. सिंग सरकारने कायदा करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना तो हक्क परत दिला. त्यानंतरच्या पिढीला बौद्ध म्हणून ताठ मानेने केंद्रीय विद्यापीठात राखीव जागा मागता येऊ लागली. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा आहेत. आपल्या राज्यात १३ टक्के. पुढे २००५-०६ पासून पीएच. डी. करणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. मजुराच्या मुलाला संशोधन करता करता घरी चार पैसे पाठवता येऊ लागले. ही दोन कामे झाली नसती, तर आज नाशिकरोडच्या फलाटावर निरोपाला कोणी उभे राहिले नसते.

दाखल्यावरचा एक शब्द

पण दार उघडे असले तरी उंबरठ्यावर ठेच लागतेच. आमच्या भाच्याची गोष्ट सांगतो. दक्षिणेतल्या एका संस्थेत त्याचे नाव राखीव यादीत आले. कागदपत्रे तपासताना त्याचा दाखला नाकारला गेला. दाखल्यावर फक्त 'नवबौद्ध' लिहिले होते. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'नवबौद्ध' हा शब्दच नाही. तिथे जातीचे नाव लागते. नवा दाखला काढायला तो परत आला, एका कार्यालयात दहा वेळा गेला, साहेब नाहीत, सर्व्हर बंद, उद्या या. मुदत संपली आणि जागा गेली. वर्षभर तो अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. अजूनही तो तिथेच आहे.

यंदा आमच्या घरातच हा प्रश्न उभा राहिला. आमची थोरली मुलगी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने हैदराबादचे ठरवले. दाखल्याचा अर्ज आम्ही जेवणानंतर भरायला घेतला. आमचे वडील शेजारी बसले होते. आमच्या आजोबांनी १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. वडील तेव्हा आठ वर्षांचे होते. घरातले देव आजोबांनी गोदावरीत सोडल्याचे वडील आजही सांगतात. अर्जावर जातीच्या रकान्यात आम्ही जुने नाव लिहिले, तसे ते म्हणाले, "जो शब्द बापानं गाडला, तो नातीच्या कागदावर परत लिहितोस?"

आम्हाला उत्तर सुचेना. पेन तसेच राहिले. मग मुलगीच म्हणाली, "आजोबा, खाली बघा, 'धर्म बौद्ध' असंही लिहिलंय. वरचा शब्द मी कोण आहे ते सांगत नाही. आपल्याला काय केलं ते सांगतो. ज्यांनी केलं त्यांनी भरपाई द्यायची, तर काय केलं ते कागदावर नको का?"

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भर. पण बौद्ध शब्द ठळक लिही."

वाचकहो, हा पेच अनेक घरांत आहे. स्वाभिमानापोटी काही पालक जातीचे नाव लिहायचे टाळतात, आणि मुलांचे नुकसान होते. आमचे म्हणणे असे की, दाखला हा आपला धर्म नव्हे, तो अन्यायाची पावती आहे. पावती जपून ठेवावी, ती गळ्यात घालून मिरवू नये. पण फेकूनही देऊ नये.

आईची भीती

दाखल्याचा प्रश्न सुटला. पण मुलीच्या आईचा प्रश्न वेगळा होता. ती आमच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्याच विद्यापीठात ना हो, तो रोहित गेला?"

होय, तेच विद्यापीठ. रोहित वेमुला तिथे पीएच. डी. करीत होता, आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता होता. २०१५ साली त्याची फेलोशिप थांबली. त्याला आणि त्याच्या चार साथीदारांना वसतिगृहातून काढण्यात आले. ते पाच जण आवारातच उघड्यावर राहिले, त्या जागेला त्यांनी 'वेलिवाडा' म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती असे नाव दिले. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहितने प्राण सोडला. सारा देश हादरला. नाशकातही मोर्चे निघाले, आम्हीही चाललो. त्याच वर्षी १४ एप्रिलला त्याची आई राधिका आणि भाऊ राजा यांनी मुंबईत दादरच्या आंबेडकर भवनात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती माउली आज आपल्याच धम्मकुटुंबातली आहे.

मग आम्ही आमच्या घरात काय सांगायचे? काही होणार नाही, असे सांगणे खोटे ठरले असते. आम्ही एवढेच म्हणालो, की घरात ठेवल्याने पोर सुरक्षित राहते असेही नाही. २०१९ च्या मे महिन्यात डॉ. पायल तडवी मुंबईत गेली. ती जळगाव जिल्ह्यातली, आदिवासी, आणि शिकत होती आपल्याच राज्याच्या राजधानीत. जातीचा काटा हैदराबादला आहे आणि मुंबईलाही आहे. पुढे राधिका वेमुला आणि पायलची आई आबेदा तडवी या दोघी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आपली लेकरे परत येणार नाहीत हे ठाऊक असून, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी गेल्या. उच्च शिक्षणसंस्थांत जातिभेदाला आळा घालणारे नियम नीट राबवा, अशी त्यांची मागणी होती.

आमची मंडळी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ती आई कोर्टापर्यंत गेली. मग मी स्टेशनपर्यंत जाईन." एवढे बोलून ती भांडी घासायला गेली. पण तिने एक अट घातली, ती आम्ही सगळ्या पालकांना सांगतो : रोज रात्री फोन. आणि फोनवर "बरी आहे" एवढ्यावर समाधान मानायचे नाही. जेवलीस का, कोणाबरोबर जेवलीस, सरांनी काय विचारले, पैसे आले का, असे एक एक विचारायचे. एकटे पडलेले पोर आधी जेवण सोडते, मग बोलणे सोडते. आईला ते सर्वांत आधी कळते.

अडचणी झाकू नयेत

जाणाऱ्या मुलांचे कौतुक करताना अडचणीही सांगितल्या पाहिजेत. पहिली अडचण इंग्रजीची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले सत्र फार जड जाते. सगळे व्याख्यान इंग्रजीत, सगळी पुस्तके इंग्रजीत. आमच्या वस्तीतला तो मुलगा सांगत होता, की पहिले दोन महिने तो वर्गात एक शब्द बोलला नाही. रात्री ग्रंथालयात शब्दकोश घेऊन बसायचा. दुसऱ्या वर्षी त्यानेच नव्या मुलांना शिकवले.

दुसरी अडचण वसतिगृहाची. मुले वाढली, खोल्या तितक्या वाढल्या नाहीत. प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळेलच असे धरून चालू नये. तिसरी, शिष्यवृत्ती आणि फेलोशिप उशिरा येणे. पैसे येईपर्यंत खानावळीचे बिल थांबत नाही. त्यासाठी पहिल्या सहा महिन्यांची सोय घरून करावी लागते. आमच्या गल्लीतल्या महिलांच्या बचत गटाने रिक्षाचालकाच्या मुलीला बिनव्याजी उसने दिले, शिष्यवृत्ती आली की ती परत करणार आहे. दरवर्षी १४ एप्रिलला आपण वर्गणी काढतो. त्यातला चौथा हिस्सा असा फिरता ठेवला, तर डी. जे. चा आवाज थोडा कमी होईल, पण एक पोरगी शिकेल.

आणि एक अडचण आपल्या सगळ्यांची. हुशार मुले बाहेर जातात आणि बाहेरच राहतात. सगळीच मुले जाऊ शकत नाहीत. ज्यांची आई आजारी, ज्यांचा बाप कंत्राटी, ज्यांना सातपूरला पाळी करून शिकायचे, ती इथेच राहणार. त्यांच्यासाठी इथली महाविद्यालये नीट चालली पाहिजेत. प्राध्यापकांच्या जागा भरा, अनुदान वाढवा, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, महाराष्ट्रात सर्व विषयांचे केंद्रीय विद्यापीठ काढा, या मागण्या आपण जोराने केल्या पाहिजेत. १९३० साली काळारामाच्या दारात आपली माणसे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांबरोबर उभी राहिली, ती मंदिरात जाण्यापेक्षा माणूस म्हणून मान्यता मिळावी म्हणून. आजचे दार विद्यापीठाचे आहे.

पालकांनी एवढे करावे

बारावीनंतर किंवा पदवीनंतर केंद्रीय विद्यापीठात जाण्यासाठी २०२२ पासून सी. यू. ई. टी. ही सामाईक परीक्षा सुरू झाली आहे. पदवीच्या प्रवेशाची परीक्षा मराठीतूनही देता येते. बारावीनंतर हैदराबादला पाच वर्षांचे सलग एम. ए., एम. एस्सी. अभ्यासक्रमही आहेत. पदव्युत्तर परीक्षा साधारण मार्चमध्ये आणि पदवीची मेमध्ये असते; अर्ज कित्येक महिने आधीच निघतात. निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांना उशीर होतो. म्हणून दिवाळीपासून लक्ष ठेवावे.

जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात, जातीचे नाव आणि बौद्ध धर्म दोन्ही लिहून, वर्षभर आधी काढून ठेवावा. नाव, वडिलांचे नाव, आडनाव सर्व कागदांवर एकसारखे आहे का, ते पाहावे. राज्याबाहेर शिकणाऱ्या आपल्या मुलांनाही भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या राज्यामार्फत मिळू शकते. उत्पन्नाची मर्यादा आणि कागद समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावेत. अर्ज कोणत्याही एजंटाला पैसे देऊन भरू नये. आपल्या भागात कोणी आधी गेलेला असेल तर त्याला गाठावे. तो चार गोष्टी फुकट आणि खऱ्या सांगेल.

आणि मुलगी असेल तर विचार करायला एक दिवस कमी घ्यावा. मुलाला पाठवताना आपण भाडे मोजतो, मुलीला पाठवताना लोक काय म्हणतील ते मोजतो. लोक दोन्ही वेळा बोलतात आणि दोन्ही वेळा विसरतात.

परवा रात्री आमच्या मुलीने परीक्षेचा अर्ज भरला. पैसे भरल्याची पावती तिने आजोबांना मोबाइलवर दाखवली. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी विचारले, "बौद्ध लिहिलंय ना?" ती म्हणाली, "लिहिलंय." मग त्यांनी विचारले, "गाडी किती वाजता असते गं त्या हैदराबादची?"

प्रवेश मिळेल की नाही ते पुढे कळेल. पण घराची तयारी झाली आहे. आपल्याही घराची करावी, एवढीच विनंती. जयभीम.